पंचायतीचं लुगडं

"उद्या सांगा, आत्याबाई."

माझ्या सासूबाईंशी मी बोललेलं हे शेवटचं वाक्य. आमच्या घरात गोष्टी सांगण्याचं खातं माझ्याकडे आहे. पावशेर घडलेलं मी किलोभर करून सांगते असा माझ्यावर घरचा आरोप आहे आणि तो मी कधी नाकारलेला नाही. अठ्ठावीस वर्षं मी या बाईंशी बोलत आले, भांडले, कुरकुरले, त्यांच्या नकला केल्या, त्यांच्यासमोरच केल्या. आणि शेवटी माझ्या वाट्याला आलं ते हे तीन शब्दांचं वाक्य. त्यात मीठमसाला घालायला जागाच नाही...

वाशीमच्या दवाखान्यात संध्याकाळचे साडेपाच वाजले होते. आत्याबाईंना दोन दिवसांपासून दम लागत होता. मुक्कामाला हे थांबणार होते, आमचे हे म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, आणि मला घरी परतायचं होतं. मी पिशवी भरत होते. आत्याबाईंनी माझ्या साडीचा काठ चिमटीत धरला होता आणि बोटांनी चाचपत होत्या. ती त्यांची जुनी सवय. म्हणाल्या, "निर्मले, घरी जाशीन तं खुंटीवरचं लुगडं पाहाजो. एक गाठ..." आणि त्यांना धाप लागली. नर्सबाईंनी त्यांना बोलू देऊ नका असं बजावलं होतं. हे माझं सोयीचं कारण आहे, गेले पाच आठवडे मी सगळ्यांना तेच सांगते आहे. खरं कारण असं की मंगरूळमार्गे जाणारी शेवटची बस सहाला होती आणि माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. मी त्यांची बोटं साडीवरून सोडवली, हात चादरीवर ठेवला आणि म्हणाले, "उद्या सांगा, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कचेरीतल्या माणसाकडे पाहायच्या ना, तसं पाहिलं. ते का, हे पुढे कळेल.

पहाटे यांचा फोन आला. "गेली," एवढंच म्हणाले. आमच्या यांना मुळात शब्द कमी, त्यातही त्यांनी काटकसर केली.

पंचफुलाबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, गावच्या पहिल्या महिला सरपंच. शेलूबाजारच्या रस्त्यावरून आत वळलं की जीपनं अर्ध्या तासावर आमचं गाव. पंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्या पहिल्या फेरीत सरपंचपद आमच्या बौद्ध वस्तीतल्या बाईकडे आलं. गावातल्या शहाण्यांनी विचार केला, की वस्तीतली सगळ्यात बिनधोक बाई कोण? तर पंचफुला. दुसऱ्यांच्या वावरात तण निंदायला जाणारी, शाळेचं तोंड न पाहिलेली, खाली मान घालून चालणारी. आंगठा मागितला की देईल. तिच्याविरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही. खाली मान घालून चालणारं माणूस खालचं सगळं पाहत असतं, हे त्या शहाण्यांच्या लक्षात राहिलं नाही.

त्यांची पहिली मीटिंग मी पाहिलेली नाही, तेव्हा मी मानोऱ्याला माहेरी बी.ए.च्या वर्गात बसून डुलक्या घेत होते. पण ती मी इतक्यांदा सांगितली आहे, की आता मला मी तिथं होते असंच वाटतं. उपसरपंच होते देवराव. भाजीपाल्याची मोठी बागायत, बोलणं गोड. त्यांनी कागद पुढे सरकवला. "पंचफुलाबाई, इथं आंगठा द्या."

"काय लिवलं हाये?"

"कामाचंच हाये, बाई."

"मंग वाचा ना."

ग्रामसेवकानं वाचलं. आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा." त्यानं पुन्हा वाचलं. "आखीन एक डाव." ग्रामसेवक नवा होता, कंटाळला, आणि तिसऱ्या वेळी त्यानं गाळायचं ते गाळलं नाही. एक ओळ जास्त निघाली. गावाचा नवा हातपंप देवरावांच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवायचा, अशी ती ओळ. आत्याबाई म्हणाल्या, "लयच लाजरी ओळ दिसते. दोन डाव लपून बसली."

पुढे पाच वर्षं प्रत्येक कागद तीनदा वाचला गेला. माझे सासरे, मामाजी, यांना लोकांनी गाठून सांगितलं, की बायकोच्या जागी तुम्ही खुर्चीवर बसा, बाकी गावांत तसंच चालतं. मामाजी म्हणाले, "मी बसलो तं खुर्ची मोडीन. मले भाकरी टाकाच्या हायेत." आणि खरंच टाकायच्या. त्या भाकरी मी खाल्ल्या आहेत. खुर्चीवर बसले असते तर गावाचं नुकसान झालं असतं, पण आमच्या दातांचं कल्याण झालं असतं.

आता लुगड्याविषयी. लिहिता-वाचता येत नाही, आणि गाव तर दिवसभर काही ना काही सांगत असतं. लक्षात कसं ठेवायचं? आत्याबाईंनी त्यांच्या आईची पद्धत काढली. त्यांच्याकडे हिरव्या काठाचं एक सुती लुगडं होतं. पदराच्या शेवटी सुटे धागे असतात ना, दशा म्हणतो आपण त्यांना, त्या दशांची एक बट घ्यायची आणि गाठ मारायची. एका कामाची एक गाठ. ते लुगडं एरवी खुंटीवर असायचं आणि पंचायतीत, नाहीतर कचेरीत जाताना अंगावर. गाव त्याला पंचायतीचं लुगडं म्हणायचं. काम झालं, की ज्याचं काम त्याच्या दारात जाऊन, त्याच्या डोळ्यांसमोर गाठ सोडायची. आणि कचेरीत कुणी "उद्या या" म्हणालं, की तिथंच, त्या साहेबाच्या टेबलासमोर उभं राहून त्याच गाठीवर आणखी एक गाठ. काही बोलायच्या नाहीत. फक्त बघत बघत गाठ मारायच्या. साहेब लोक म्हणे अस्वस्थ व्हायचे. त्यांना वाटायचं, बाई काही करणी-बिरणी करते आहे. एकानं तर घाबरून आमच्या शाळेच्या छपराचे पत्रे त्याच आठवड्यात पाठवले. आत्याबाईंना ते कळलं तेव्हा पोट धरून हसल्या. "मले सांगतलं असतं तं दोन लिंबं बी नेले असते," म्हणाल्या.

आमची वस्ती बुद्धाला मानणारी, करणीवर विश्वास ठेवणारी नव्हे. पण साहेबाचा विश्वास असेल तर आपण काय करणार?

हे सगळं मला माहीत नव्हतं, तेव्हाची गोष्ट. त्या सरपंच होऊन तिसरं वर्ष लागलं होतं आणि मी नवी नवरी म्हणून या घरात आले. मराठीत बी.ए., सेकंड क्लास. त्या सेकंड क्लासचा मला इतका तोरा, की निकालाचा कागद मी रुखवतातच मांडायचा बाकी होता. सासूबाई आंगठाछाप आहेत हे कळल्यावर मी मनात ठरवूनच टाकलं, की या घराला वळण मीच लावणार. लग्नानंतर चौथ्या दिवशी सगळे बाहेर गेलेले. मी घरभर फिरले आणि खुंटीवर ते लुगडं दिसलं. मळकट, आणि दशांचा हा गुंता! म्हटलं, बघा बाई, एवढी सरपंच आणि हिच्या पदराकडे कुणी बघत नाही. मी ते सोडा टाकून धुतलं. मग ओट्यावर बसून दुपारभर एकेक गाठ सोडवली. एक गाठ तर बोराएवढी होती, ती मला नखांनी हलेना, शेवटी पोती शिवायचं दाभण आणलं आणि घाम पुसत पुसत तीही मोकळी केली. दशा फणीनं विंचरल्या. तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवली. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, मी मुद्दाम वेळ साधली होती.

संध्याकाळी आत्याबाई आल्या. मी घडी हातात ठेवली आणि शाबासकीची वाट पाहत उभी राहिले. त्यांनी पदराच्या टोकावरून बोटं फिरवली. एकदा. मग पुन्हा. चुलीपाशी बसलेले मामाजी नुसते "अरे बापा..." म्हणाले आणि पीठ मळायचं थांबले.

"किती होत्या?" आत्याबाईंनी विचारलं.

"सात," मी म्हणाले. "सगळ्या सोडवल्या. लयच घट्ट होत्या!"

"मोठी बी सोडली?"

"हो! तिला तर दाभण लागलं."

त्या खालीच बसल्या. मामाजींनी मग मला हलक्या आवाजात सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी रडायला लागले. आत्याबाई म्हणाल्या, "रडून नको राहू वं. लुगडं पुन्हा भिजन."

दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत त्या ते इस्त्रीचं लुगडं नेसून उभ्या राहिल्या. पदर पुढे धरला, सगळ्या गावाला दाखवला आणि म्हणाल्या, "पाहा. तीन वर्सं झाले मी कचेरीत जाऊन राह्यली, मले जमलं नाई. माह्या बी.ए. सुनंनं गावाचे सारे कामं एका दुपारी मोकये केले." गाव हसून लोळलं. देवराव तर डोळे पुसत होते. मी मागच्या खांबाआड होते, तो खांब अजून मला दुरून ओळख देतो.

पण नंतर त्या मला घेऊन निघाल्या, घरोघर. म्हणाल्या, "मी नाई इचारत. गाठी तू सोडल्या, तूच इचार." नव्या नवरीनं, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, दारोदार जाऊन विचारायचं, "तुमचं काही काम सांगितलं होतं का आत्याबाईंना?" पहिल्या दारात माझा आवाज फुटेना. दहाव्या दारात फुटला. विसाव्या दारात मी चहा पिऊन गप्पा मारत होते. त्या तीन दिवसांत मला गाव कळलं, बी.ए.च्या तीन वर्षांत काय कळलं ते मला आठवत नाही. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या अंगणात पडायला आलेला खांब. सहा कामं सापडली. मोठी गाठ नळाची होती. पाइपलाइन गावाच्या चौकापर्यंत येऊन थांबली होती, वस्तीपर्यंत आणि पलीकडच्या तांड्यापर्यंत यायची होती. त्या गाठीवर कचेरीचे चौदा 'उद्या' चढले होते. आत्याबाईंनी ओट्यावर बसून कामाची एक गाठ आणि तिच्यावर मोजून चौदा पुन्हा मारल्या. एकही चुकली नाही.

सातवी गाठ मात्र कुणाचीच निघेना. सगळी घरं संपली. नाल्यापलीकडे एकच घर उरलं होतं, सुभद्राबाईचं. एकटी बाई, नवरा गेलेला, बोलणं जवळजवळ नाहीच. मी विचारलं, तर तिनं मान हलवली. "नाई माय. मी तं कोनाले कधी काई मांगतलंच नाई." आम्ही परत फिरलो. नाला ओलांडताना आत्याबाईंचा पाय चिखलात गेला आणि त्या तिथंच थांबल्या. "हां," म्हणाल्या. "हे होतं. ह्या नाल्यावर फरशी." एका घरासाठी सिमेंटची फरशी. कोण मागणार, आणि मागितली तरी कोण देणार? पावसाळ्यात चार-चार दिवस ती बाई पलीकडे अडकून पडते, हे आत्याबाईंनी जाता-येता पाहिलं होतं आणि गाठ मारली होती. मला म्हणाल्या, "मांगनाऱ्याची गाठ इसरली तरी चालते, निर्मले. तो पुन्हा येते, बोंबलते. न मांगनाऱ्याची इसरू नाई."

फरशी झाली. त्यासाठी किती 'उद्या' लागले ते आता मला आठवत नाही. आत्याबाईंना आठवलं असतं.

नळ आला तो दिवस मात्र पक्का आठवतो. बाहेरून मोठे पाहुणे आले होते, उद्घाटनाला. नळाला फीत बांधलेली, ताटात कात्री. पाहुणे कात्री उचलणार, तर आत्याबाई म्हणाल्या, "थांबा साहेब. आंधी गाठ." आणि नळाशेजारी मांडी घालून बसल्या. बोराची गाठ आता आवळ्याएवढी झाली होती. त्यांची नखं काही चालेनात. सगळी वस्ती, तांडा, रिकाम्या घागरी घेऊन उभा. पाहुण्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा आत्याबाईंनी मान वर केली आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "साहेब, घाई असन तं उद्या या."

तो हशा मी पुन्हा कधी ऐकला नाही. साहेबसुद्धा हसले, मग खुर्ची मागवून बसले. आणि आत्याबाईंनी गर्दीत मला शोधलं. "ये वं निर्मले. दाभण घेऊन ये. तुले सवय हाये." मी धावत घरून दाभण आणलं आणि आम्ही दोघींनी, सासू आणि सून, डोक्याला डोकं लावून ती गाठ सोडवली. शेवटचा धागा सुटला तेव्हा कुणीतरी नळ उघडला. फीत कापायची राहूनच गेली. आत्याबाईंचं लुगडं पार भिजलं आणि त्या उठल्या नाहीत, तशाच नळाखाली बसून राहिल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पाहिलं. पाणी इतकं होतं, की बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही.

सरपंचकीची पाच वर्षं संपली, पद गेलं. लोक थांबले नाहीत आणि त्याही थांबल्या नाहीत. नवे सरपंच पंचायतीत बसायचे, लोक आधी आमच्या ओट्यावर यायचे. लुगडं विरलं की नवं हिरव्या काठाचं यायचं, आणि मग जुन्यावरच्या गाठी नव्यावर उतरवायचा सोहळा. दोन्ही लुगडी मांडीवर घेऊन आत्याबाई एकेक गाठ इकडून सोडायच्या, तिकडे मारायच्या आणि ज्याची गाठ त्याचं नाव घ्यायच्या. मामाजी म्हणायचे, "चूप राहा सारे, चार्ज देनं चालू हाये." मामाजी गेले त्या वर्षीही हा चार्ज झाला. फक्त ते वाक्य म्हणायला कुणी नव्हतं. आत्याबाई मध्येच थांबल्या, चुलीकडे पाहिलं, आणि मग पुढची गाठ घेतली.

मी त्यांना सही शिकवायचा प्रयत्न केला होता, पाटीवर 'पं' काढून दिला होता. म्हणाल्या, "माह्या आंगठ्याची नक्कल कोनाले येत नाई. तुही सही तं तुह्या नवऱ्यालेबी येते." मग मोबाइल आला तेव्हा मी म्हणाले, आत्याबाई, कामं मोबाइलमध्ये लिहून ठेवू, आठवण करून देतो तो. "तुह्या मोबाइलची बॅटरी उतरते," म्हणाल्या, "माह्या लुगड्याची नाई उतरत." मी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला नक्कल करून दाखवायचे आणि त्या पलीकडून ओरडायच्या, "आवाज बराबर काढ वं! मी एवढी नाकात नाई बोलत."

गेल्या वर्षभरात दम लागायला लागला. लुगडं अंगावर चढायचं बंद झालं, खुंटीवरच राहायला लागलं. आत्याबाई एकेकाला बोलवून कामं हवाली करत होत्या. "हे तू पाह्यजो बाप्पा." आणि गाठ सोडायच्या. मला वाटलं, बाई मोकळ्या होताहेत, बरं झालं. मला कळायला हवं होतं, त्या कसला चार्ज देताहेत ते. मला मात्र त्यांनी काहीच हवाली केलं नव्हतं. तेव्हा मी त्याचा रागही धरला होता, लटका. आता लटका म्हणते.

त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा गाव तांड्यासकट जमलं होतं. विहारातून पंचशील म्हणत नेलं. सुभद्राबाई, आता पाठीत वाकलेली, नाल्यावरच्या त्या फरशीवर उभी होती. अलीकडे यायला तिचे पाय उचलत नव्हते. आठवड्यानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि घर एकदम मोठं झालं. तेव्हा मला ते आठवलं. लुगडं पाहाजो. एक गाठ...

मी खुंटीवरून लुगडं काढलं. पदरावर एकच गाठ होती. लहान, ज्वारीच्या दाण्याएवढी, नवी. तिच्यावर एकही 'उद्या' नव्हता.

मी ती हातात धरून बसले होते. हे आले, त्यांनीही पाहिली. "तुहीच असन," म्हणाले. मी म्हटलं, "माझी कशी? मी रोज मागते. मागणाऱ्याची गाठ विसरली तरी चालते, असं त्याच म्हणायच्या." ते तिथंच बसले, माझ्याजवळ, आणि माझ्या लक्षात आलं, की तिसऱ्या इयत्तेतल्या पोरासारखे आईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरून बसलेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. घरोघर. तोच प्रश्न, अठ्ठावीस वर्षांनी. तुमचं काही काम सांगितलं होतं का आत्याबाईंना? तेव्हा मला लाज वाटत होती. आता प्रश्न अर्धाच निघायचा. लोक पाणी द्यायचे, बसवायचे, आणि मग गाठ बाजूला राहून आत्याबाईंचं बोलणंच निघायचं. कुणाची मुलगी त्यांनी शाळेत परत पाठवलेली, कुणाचं भांडण मिटवलेलं. पण गाठ? नाही बाई. आमचं नव्हतं काही. आता म्हणशील तर एक आहे... असं म्हणून मला नवीनच कामं सांगायचे. अशी अकरा झाली. एकही त्या गाठीचं नाही.

देवरावांकडे गेले. ते आता खाटेवर असतात, सुना बागायत पाहतात. मी विचारलं, तर "माहं कायचं काम राहीन आता?" म्हणाले. "पन ते दर पंधरा दिवसाले येये. दवाच्या गोया घेतल्या का, म्हने. लाजरी ओळ कशी हाये, म्हने." आणि हा माणूस, ज्यानं एके काळी त्यांचा आंगठा फुकटात मागितला होता, भिंतीकडे तोंड करून रडायला लागला. त्यांच्या सुनेनं मला खूण केली, जा आता.

सगळ्यात शेवटी फरशी ओलांडून सुभद्राबाईकडे. मला आशा होती. फार आशा होती. तिनं माझा हात धरला आणि तोच जुना जबाब दिला, "नाई माय. मी काई मांगतलं नाई." मग म्हणाली, "तिले इचारा लागे कुठं. तिले दिसे." मी म्हणाले, "मला दिसत नाही ना, सुभद्राबाई." ती म्हणाली, "दिसन."

परत येताना मी नाल्यापाशी थांबले. चिखल नव्हता. पाय कशात अडकला नाही. काही आठवलं नाही.

गावात कुणीतरी आहे, ज्यानं काही मागितलेलं नाही. आत्याबाईंनी ते जाता-येता पाहिलं होतं, शेवटच्या महिन्यांत, दम लागत असताना. दुसऱ्या कुणाला देण्यासारखं काम नव्हतं ते, म्हणून शेवटपर्यंत ठेवलं आणि मला द्यायला निघाल्या होत्या. त्यांच्या हातून मला मिळणारा एकुलता एक चार्ज. आणि मी बस पाहत होते. ज्या बाईनं जन्मभर "उद्या या" ऐकून घेतलं, तिला शेवटचा 'उद्या' कचेरीनं दिला नाही. तिच्या बी.ए. सुनेनं दिला. त्या माझ्याकडे तसं का पाहत होत्या, ते आता तुम्हालाही कळलं असेल. हाताशी लुगडं नव्हतं म्हणून, नाहीतर त्यांनी तिथंच माझ्यासमोर गाठ मारली असती.

परवा शेजारच्या कौसाबाई येऊन सांगून गेल्या, "सोडून टाक वं ते गाठ. गाठ राह्यली का जीव अडकून राह्यते." मी कौसाबाईंना चहा दिला. आत्याबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे, आवाजासकट माहीत आहे. जीव-बीव काई अडकत नाई, कौसा. काम अडकते.

गाठ सोडवणं मला अवघड नाही. या घरात ते काम माझ्याइतकं कुणालाच येत नाही. दाभणही तिथंच आहे, कोनाड्यात. कौसाबाई गेल्यावर मी लुगडं ओट्यावर घेऊन बसले. धुतलेलं नाही. धुणार नाही, तेवढा धडा मला एकदाच पुरे झाला. त्या ज्वारीच्या दाण्यावरून बोट फिरवलं. शेजारच्या दशांवर त्या अकरा घरांच्या अकरा गाठी मारल्या, नावं घेत घेत. वाकड्या आल्या. मग ती बट पुन्हा हातात घेतली आणि त्यांच्या गाठीवर माझ्या हातानं आणखी एक गाठ मारली. नियम त्यांचाच आहे, 'उद्या' म्हणणाऱ्याची एक गाठ वरून. घट्ट ओढली. बोटाला धागा रुतला तरी ओढली.

लुगडं पुन्हा खुंटीवर आहे. मी जाता-येता लोकांच्या दारांकडे बघत चालते, खाली मान घालून. त्या बटेवर दोन गाठी आहेत. खालची कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही. वरची माझी.